जॅझ पहिल्यांदा ऐकताना : ‘काइंड ऑफ ब्लू’, आवर्तनामागून आवर्तन

जॅझ ऐकायला बसलेला नवा श्रोता बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. सुरुवातीला एक धून वाजते, बरी वाटते, आणि मिनिट-दीड मिनिटात नाहीशी होते. पुढची सात-आठ मिनिटं आधी कुणी ट्रम्पेट वाजवतं, मग कुणी सॅक्सोफोन, मग पियानो, आणि ऐकणारा ती धून परत येण्याची वाट बघत बसतो. ती येते तेव्हा रचना संपत आलेली असते. ‘आपल्याला नाही बुवा कळत’ म्हणून माणूस उठतो.

दोष कानाचा नसतो. एक साधी गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते. धून वाजायची थांबली तरी तिचं आवर्तन थांबत नाही. धून जितक्या मात्रांची, तितक्याच मात्रांचं चक्र, स्वराधार बदलण्याच्या त्याच जागांसह, खाली अखंड फिरत राहतं. सोलो, म्हणजे आपल्या पाळीचं एकट्याचं वादन, वाजवणारा त्या चक्रावर नवी धून रचत असतो. जॅझवाले या एका फेरीला ‘कोरस’ म्हणतात. आपण आवर्तन म्हणू. तबल्याच्या साथीतला ख्याल ऐकणाऱ्याला ही कल्पना नवी नाही. फक्त इथे ठेका धरणारा एकच वादक नसतो, आणि समेवर येण्याची खूण वेगळी असते. हे आवर्तन कानाला सापडावं, यासाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे.

हाच अल्बम का

अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, पूर्वी चर्च असलेल्या इमारतीत, ध्वनिमुद्रित झाला. सत्रं दोनच झाली : २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो बाजारात आला. त्यात पाच रचना आहेत, एकूण पाऊण तासाच्या आसपास.

अनेक जण १९२०च्या दशकापासून क्रमाने ऐकायला घेतात. अभ्यासासाठी तो रस्ता ठीक, पण कान तयार करायला नाही. त्या काळच्या रेकॉर्डवर बास आणि ड्रम्स धड ऐकू येत नाहीत, आणि आवर्तन धरायला नेमके तेच लागतात. दुसरी चूक म्हणजे १९४०च्या दशकातल्या ‘बीबॉप’पासून सुरुवात करणं. तिथे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा समूह, दर बारला (ठरावीक मात्रांच्या गटाला), कधी दर दोन मात्रांना बदलते आणि लयही भरधाव असते. ‘काइंड ऑफ ब्लू’त एकच स्वरसप्तक सोळा-सोळा बार टिकतं, लय मध्यम किंवा विलंबित आहे आणि सहाही वाद्यं स्वच्छ ऐकू येतात. शिवाय पाचही रचनांचे सांगाडे वेगवेगळे आहेत, त्यामुळे हा एक अल्बम नीट ऐकला की पुढच्या शेकडो रेकॉर्ड ऐकण्याची रीत हाती येते.

बसण्याआधी

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. डबल बासची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, आणि त्या छोट्या स्पीकरमधून इतका खर्ज बाहेरच पडत नाही. बास गेला की आवर्तनाचा आधार गेला, आणि मग उरलेलं संगीत अधांतरी वाटणारच. एकच ब्लूटूथ स्पीकरही टाळा, कारण तो डावं-उजवं एकत्र करून टाकतो. साधा वायरचा हेडफोन चालेल, महागडं काही लागत नाही. हेडफोनवरची डाव्या-उजव्याची खूण मात्र बघून घ्या, पुढे उपयोगी पडेल.

आवाज किती ठेवायचा? पहिली रचना पियानो आणि बासच्या अगदी हळू संवादाने सुरू होते. तिथे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला तर दीड मिनिटाने ट्रम्पेट कानात घुसेल. आधी १:३१च्या पुढे जाऊन ट्रम्पेटच्या पातळीला आवाज लावा आणि मग सुरुवातीला या.

ॲपमधलं शफल बंद करा. एक गाणं संपताना दुसरं त्यात मिसळणारी सोय असेल तर तीही बंद करा. मूळ अल्बम पाच रचनांचाच आहे. त्यापुढे ‘फ्लॅमेन्को स्केचेस’चा दुसरा टेक (त्याच रचनेचं वेगळं ध्वनिमुद्रण) किंवा आणखी काही दिसलं तर ती नंतर घातलेली भर आहे. पहिले काही आठवडे तिकडे जाऊ नका.

आवृत्तीबद्दल एक गोष्ट माहीत हवी. २ मार्चच्या सत्रात एक टेप यंत्र किंचित सावकाश चालत होतं. त्याची टेप योग्य वेगाच्या यंत्रावर वाजवली की संगीत थोडं जलद आणि चढ्या पट्टीत येतं. त्यामुळे एलपीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना कित्येक वर्षं जवळपास पाव स्वराने, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्म्याने, चढ्या छापल्या जात होत्या. १९९०च्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत, विशेषतः १९९७च्या, ही चूक सुधारली. आज ॲपवर ऐकताना बहुधा अडचण येणार नाही. जुनी एलपी किंवा जुनी सीडी असेल तर पुढे दिलेल्या तानपुऱ्याच्या सरावात फरक लगेच कळेल. सुरुवातीच्या काही एलपींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावंही उलटसुलट छापली होती. पियानोच्या थरथरत्या स्वरांनी सुरू होणारी, डोलत्या लयीची रचना ती ‘ऑल ब्लूज’. अतिशय संथ, जवळपास स्तब्ध वाटणारी ती ‘फ्लॅमेन्को स्केचेस’.

पहिली बैठक : फक्त पहिली बाजू

पहिल्या दिवशी पहिल्या तीन रचनाच ऐका, साधारण पंचवीस मिनिटं. काही मोजायचं नाही, लिहायचं नाही, माहिती शोधायची नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पार्श्वसंगीत म्हणून लावू नका. हे संगीत पार्श्वभूमीला इतकं सहज मुरतं की तशी सवय एकदा लागली की वर्षभर ऐकूनही त्यातलं काही लक्षात राहत नाही. या अल्बमची अनेकांशी ओळख हॉटेलच्या लॉबीपुरतीच राहिली आहे, याचं वाईट वाटतं.

पंचवीस मिनिटांनी कंटाळा आला असेल तर तोही चालेल. दुसऱ्या दिवशी काम सुरू करायचं.

सहा माणसं, सहा आवाज

दुसऱ्या बैठकीचं काम एकच : कोण वाजवतंय ते ओळखणं. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात जागा ठरलेल्या होत्या आणि स्टिरिओ आवृत्तीत त्या अजून तशाच ऐकू येतात. मध्ये माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट आणि पॉल चेंबर्सचा बास. डावीकडे जॉन कोलट्रेनचा टेनर सॅक्सोफोन आणि पियानो. उजवीकडे ज्युलियन ‘कॅननबॉल’ ॲडर्लीचा आल्टो सॅक्सोफोन आणि जिमी कॉबचे ड्रम्स. दोन सॅक्सोफोनांत गोंधळ झाला की तो कुठल्या कानात वाजतोय ते बघा, लगेच सुटेल. ड्रम्स डावीकडे ऐकू येत असतील तर हेडफोन उलटा घातलाय.

बाजू न बघता ओळखायची वेळ पुढच्या रेकॉर्डवर येणारच, म्हणून आवाजही पारखून ठेवा. कोलट्रेनचा टेनर जाड आणि धारदार आहे. तो स्वरांचे गुच्छच्या गुच्छ एका दमात सोडतो आणि एकच कल्पना वळवून-वळवून तपासतो. ॲडर्लीचा आल्टो वरच्या पट्टीतला, गोलसर आणि मोकळा. त्याच्या वाजवण्यात चर्चमधल्या गाण्याची आणि ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्याची ऊब आहे, स्वर घसरत-ओघळत येतात. माइल्स कमीत कमी वाजवतो. दोन स्वर, मग विश्रांती, मग तीन स्वर. त्याच्या विश्रांतीच्या जागा मोजल्या तर स्वरांइतक्याच भरतील. काही रचनांत तो ट्रम्पेटच्या तोंडात ‘हार्मन’ म्यूट (आवाज दबवणारं झाकण) बसवतो आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ वाजवतो. तेव्हा आवाज बारीक, कापरा, कानाशी कुजबुजल्यासारखा होतो.

पियानोवर बिल एव्हान्स आहे, पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या दुसऱ्या रचनेत मात्र विंटन केली. केली तेव्हा माइल्सचा नेहमीचा पियानिस्ट होता. एव्हान्स १९५८च्या अखेरीस संच सोडून गेला होता आणि या अल्बमसाठी परत आला. फरक ऐकण्यासारखा आहे : केली उड्या मारत, ठसक्यात वाजवतो, तर एव्हान्स कॉर्ड हळुवार ठेवतो आणि तिचा नाद विरेपर्यंत थांबतो. पॉल चेंबर्स २ मार्चला तेवीस वर्षांचा होता. दुसरं सत्र झालं तो दिवस त्याचा चोविसावा वाढदिवस.

‘सो व्हॉट’ : इथे वेळ घालवा

पुढच्या दोन-तीन बैठका फक्त या एका रचनेवर खर्च करा. अल्बममधली सर्वांत सोपी आणि सर्वांत शिकवणारी रचना हीच.

पहिला अर्धा मिनिट लय नाही, पियानो आणि बास मुक्त बोलतात. साधारण ०:३४ला बास मूळ धून वाजवू लागतो. होय, इथे धून बासकडे आहे. ट्रम्पेटची वाट बघत बसलात तर ती निसटून जाईल. बास एक वाक्य म्हणतो, त्याला दोन कॉर्डचं उत्तर मिळतं. पहिल्या आठ बारांत हे उत्तर पियानो देतो, नंतर ट्रम्पेट आणि दोन्ही सॅक्सोफोनही त्यात सामील होतात.

आता मोजा. एका बारात चार मात्रा आणि आठ बारांचा एक भाग, म्हणजे बत्तीस मात्रा. असे चार भाग मिळून एक आवर्तन होतं, एकूण १२८ मात्रा. पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकसारखे आहेत. तिसऱ्या भागात सगळं जसंच्या तसं अर्ध्या स्वराने वर सरकतं. या लयीत एक आवर्तन छप्पन-सत्तावन्न सेकंदांचं होतं.

हा अर्ध्या स्वराचा सरक मराठी श्रोत्याला एका युक्तीने लख्ख ऐकू येतो. दुसऱ्या मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप उघडा, षड्ज पांढरी दोन, तार पंचमाची, आणि हळू आवाजात रेकॉर्डबरोबर चालू ठेवा. ०:३४पासून सगळं तानपुऱ्यात मिसळून जाईल, कारण या भागाचे स्वर पांढरी दोनवरच्या काफी थाटाचे आहेत. १:०२च्या सुमाराला एकदम खडाखड होईल. रेकॉर्ड काळी दोनवर गेली आणि तानपुरा मागेच राहिला. १:१६च्या आसपास पुन्हा जुळेल. हाच तो तिसरा भाग. तानपुरा सुरुवातीपासूनच किंचित उतरलेला वाटत असेल तर तुमची आवृत्ती ती जुनी, चढ्या पट्टीची आहे. ॲपमध्ये पट्टी बारीक वाढवता येत असेल तर तेवढी वाढवून पुढे चला.

काफीचे स्वर आहेत म्हणून राग शोधू नका. इथे वादी-संवादी नाही, पकड नाही, आरोह-अवरोहाचा नियम नाही, आणि मुख्य म्हणजे षड्जच जागा बदलतो. थाटाची आठवण स्वर ओळखण्यापुरती वापरा आणि सोडून द्या.

तानपुरा चालू ठेवूनच पुढे ऐका. १:३१ला जिमी कॉब सिंबलवर, म्हणजे ड्रम्सच्या धातूच्या थाळीवर, एक जोरदार आघात करतो, त्याचा झणत्कार हळूहळू विरतो आणि त्यातून माइल्सचा सोलो सुरू होतो. इथून धून नाही, पण आवर्तन तेच आहे. पुरावा तानपुरा देईल : दोन मिनिटांच्या सुमाराला पुन्हा तसाच खडखडाट आणि चौदा सेकंदांनी पुन्हा मेळ. २:२८च्या आसपास दुसरं आवर्तन लागतं, २:५६ला परत तेच. माइल्स दोन आवर्तनं वाजवतो, मग ३:२४च्या जवळ कोलट्रेन दोन, मग ॲडर्ली दोन आणि एव्हान्स एक. प्रत्येकाच्या प्रत्येक आवर्तनात तिसऱ्या भागाचा सरक येतोच. एव्हान्सच्या सोलोमागे तिन्ही फुंकवाद्यं ते दोन कॉर्डचं उत्तर पुन्हा वाजवू लागतात. आठ मिनिटं उलटल्यावर बासची धून परतते आणि वाजता-वाजता आवाज विरत जातो.

हे एकदा जमलं की तानपुरा बंद करा आणि उरलेलं काम कानावर सोपवा. तिसरा भाग आला की बोट वर करायचं, संपला की खाली. पहिल्या दिवशी एखाददुसरी जागा चुकेल. चुकण्याची ठरावीक जागा म्हणजे आवर्तनाचा सांधा. चौथा भाग आणि पुढच्या आवर्तनाचे पहिले दोन भाग एकसारखेच असतात, त्यामुळे तिथे सलग चोवीस बार काहीच बदलत नाही आणि मोजणी घसरते. अशा वेळी मागे जाऊ नका. पुढच्या सरकापर्यंत थांबा आणि तिथून पुन्हा धरा. स्टेजवर चुकलेला वादकही हेच करतो.

दुसरा उपाय गुणगुणण्याचा. सोलो चालू असताना बासचं वाक्य आणि दोन कॉर्डचं उत्तर मनात म्हणत राहा. ते शेवटपर्यंत सोलोखाली चपखल बसतं. जॅझ कसं घडतं ते यापेक्षा स्पष्ट कुठलंही पुस्तक सांगणार नाही.

मग तोच नऊ मिनिटांचा तुकडा पुन्हा ऐका, पण या वेळी फक्त बास. सोलो लागल्यापासून चेंबर्स दर मात्रेला एक स्वर टाकत चालत राहतो, क्वचितच थांबतो. त्यानंतरच्या वेळी फक्त ड्रम्स. उजव्या कानात राइड सिंबल ‘डिंग, डिंग-ग डिंग, डिंग-ग’ करत असते, आणि पायाने मिटणाऱ्या हाय-हॅटचा ‘चिक्’ दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो. इथे टाळी २ आणि ४वर द्या. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, पण एकदा बसली की लयीतला झोका अंगात उतरतो. स्विंग म्हणतात तो हाच.

‘फ्रेडी फ्रीलोडर’

हा बारा बारांचा ब्लूज आहे : ४८ मात्रांचं छोटं आवर्तन, साधारण बावीस सेकंदांचं. ‘सो व्हॉट’नंतर मोजायला फारच सोपं. धून दोनदा वाजते आणि ०:४५च्या जवळ केलीचा सोलो लागतो. बोटांवर आवर्तनं मोजा : केली चार, माइल्स सहा, कोलट्रेन पाच, ॲडर्ली पाच, मग चेंबर्सचा छोटा सोलो, आणि परत धून. आकडा एखाद्याने चुकला तरी बिघडत नाही. पाचव्या बाराला आधारस्वर वर जातो आणि सातव्याला परत येतो, ती जागा हुकू देऊ नका. ब्लूजचं सगळं वळण त्या जागेत आहे, आणि हेच बारा बार जॅझमध्ये हजारो रेकॉर्डवर भेटतील.

‘ब्लू इन ग्रीन’

मोजणी इथे बाजूला ठेवा. आवर्तन दहा बारांचं, म्हणजे नेहमीच्या सवयीबाहेरचं आहे. शेवट कुठला आणि सुरुवात कुठली हे कळू नये अशीच त्याची बांधणी आहे. भरीला एव्हान्स आणि कोलट्रेनच्या सोलोंत स्वराधार दुप्पट वेगाने बदलू लागतात. अनुभवी ऐकणारेही इथे वाट चुकतात. ॲडर्ली या रचनेत नाही.

क्रम आरशातल्यासारखा आहे : एव्हान्सची सुरुवात, माइल्स, एव्हान्स, कोलट्रेन, एव्हान्स, माइल्स आणि शेवटी पुन्हा एव्हान्स. म्यूट लावलेल्या ट्रम्पेटमागे ड्रम्सवर ब्रश फिरतोय त्याकडे लक्ष द्या. मूळ अल्बमवर रचनाकार म्हणून नाव माइल्सचं छापलं होतं. ती आपली रचना असल्याचं एव्हान्स सांगत असे, आणि त्याचे तेव्हाचे इतर सोलो ऐकले की त्याचं म्हणणं पटतं.

दुसरी बाजू

‘ऑल ब्लूज’ हाही बारा बारांचाच ब्लूज, पण सहा मात्रांच्या बारांत. तीन-तीनच्या विभागणीमुळे दादरा ऐकलेल्या कानाला ही चाल लगेच ओळखीची वाटेल. बास एकच घोटीव पट्टा वाजवत राहतो, वर पियानो थरथरतो, मग दोन सॅक्सोफोन हळू झुलू लागतात आणि त्यांच्यावर माइल्स म्यूट लावून धून मांडतो. सोलोसाठी तो म्यूट काढतो आणि शेवटी धुनेसाठी परत लावतो. पोत बदलतो तो क्षण पकडा. सोलोंचा क्रमही इथे वेगळा आहे : माइल्सनंतर ॲडर्ली, मग कोलट्रेन, मग एव्हान्स. मोजणाऱ्यांसाठी सावधगिरीची सूचना : एका वादकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये चार बारांची भरतीची जागा आहे. ती धरली नाही तर पुढचं सगळं आवर्तन सरकतं. नवव्या-दहाव्या बाराला स्वराधार अर्ध्या स्वराने वर जाऊन परततो, आणि तोपर्यंत निवांत चाललेल्या रचनेत क्षणभर ताण येतो. सर्वांत मोठी रचना हीच, साडेअकरा मिनिटांची.

‘फ्लॅमेन्को स्केचेस’ला ठरलेली धून नाही. पाच स्वरसप्तकं ओळीने ठेवलेली आहेत, आणि प्रत्येकावर किती वेळ थांबायचं ते वाजवणारा स्वतः ठरवतो. आवर्तनाची लांबीच वादकाच्या हातात दिली आहे, आणि बाकीच्यांनी कान देऊन त्याच्याबरोबर वळायचं. म्हणून आधीच्या चार रचना पचवल्याशिवाय हिच्याकडे येऊ नये, असं आमचं मत आहे. थाटांच्या भाषेत क्रम असा : पांढरी एकवर बिलावल, काळी चारवर खमाज, काळी पाचवर बिलावल, पांढरी दोनवर भैरवीच्या जवळचं पण मधूनमधून शुद्ध गंधार दाखवणारं सप्तक, आणि शेवटी पांढरी पाचवर काफी. चौथं सप्तक सर्वांत आधी ओळखू येईल. स्पॅनिश रंग त्यातच आहे, आणि वादक तिथे रेंगाळतात. सप्तक बदललं की एक बोट दुमडा. मूठ मिटली की त्या वादकाची एक फेरी झाली. माइल्स, कोलट्रेन, ॲडर्ली, एव्हान्स आणि परत माइल्स अशा क्रमाने रचना संपते. ॲडर्लीचा इथला सोलो वारंवार ऐका. एरवी मनमुराद वाजवणारा हा माणूस इतक्या कमी जागेत किती कोमल होतो ते तिथे कळतं.

ही बाजू नीट कळल्यावर तो दुसरा टेक ऐकायला हरकत नाही. पाच सप्तकं तीच, पण सोलो सगळे वेगळे. वादकांपुढे लिहिलेलं थोडंच होतं, बाकी त्या क्षणी सुचलं, हे त्या तुलनेतून थेट कानाला समजतं.

कुठे बिनसतं

‘सगळं एकसारखंच वाटतं’ ही सर्वांत नेहमीची तक्रार. बहुतेकदा कारण एवढंच असतं की पाचही रचना एका दमात, इतर काही करता-करता ऐकलेल्या असतात. एका बैठकीत एक रचना, तीही दोनदा : एकदा सोलोसाठी, एकदा बाससाठी. आठवड्यात तीन बैठका झाल्या तर महिन्याभरात अल्बम ओळखीचा होतो.

‘गायक नाही, मग धरायचं काय’ असंही होतं. त्यावर उपाय सोलो गाण्याचा. ‘सो व्हॉट’मधला माइल्सचा पहिला आठ बारांचा तुकडा, साधारण चौदा सेकंद, ऐकत-ऐकत तोंडपाठ करा आणि गुणगुणा. स्वर थोडेच आहेत, सहज जमतं. एकदा तो गळ्यातून निघाला की सोलो म्हणजे बोटांची कसरत नसून बांधलेली ओळ आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. कोलट्रेनचा तुकडा इतक्यात गाऊ पाहू नका. तिथे अनेकांची उमेद खचते.

काही जण उलट टोकाला जातात आणि आधी कॉर्ड, सप्तकं, इतिहास वाचून मगच ऐकायला बसतात. बिल एव्हान्सने अल्बमच्या वेष्टनावर लिहिलेलं टिपण तेवढं वाचा, तेही चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर. उत्स्फूर्त वादनाची तुलना त्याने जपानी चित्रकलेच्या एका पद्धतीशी केली आहे. त्या पद्धतीत कुंचला थांबला की रेघ बिघडते आणि कागद फाटतो. कान थोडा तयार झाल्यावर त्या टिपणाचं मोल कळतं.

आणि या वाद्यांचा नाद आपल्याला परका आहे असं मानून बसू नका. मुंबईच्या हॉटेलांतल्या नृत्यवृंदांत वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी चित्रपटसंगीतातही वाजवत होते. सी. रामचंद्रांच्या संगीतामागे चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा हात होता. १९५०च्या दशकातली गाणी ऐकत वाढलेल्या कानावर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन पडलेले आहेतच. तिथे ते ठरवून दिलेले तुकडे वाजवत, इथे वादक स्वतः रचतो, एवढा बदल ध्यानात ठेवला की पुरे.

इथून पुढे

पुढची रेकॉर्ड कुठली, ते कुणाच्या यादीवरून ठरवू नका. या अल्बममधला ज्याचा सोलो सर्वांत आवडला त्याच्यामागे जा. ॲडर्ली आवडला तर ‘समथिन एल्स’, १९५८चा. त्यात माइल्स त्याच्या संचात वाजवतो. कोलट्रेन आवडला तर आधी ‘ब्लू ट्रेन’ ऐका आणि बऱ्याच काळाने ‘जायंट स्टेप्स’. हा दुसरा अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’नंतर काही आठवड्यांतच, मे १९५९मध्ये, बराचसा मुद्रित झाला, आणि त्याच्या नावाच्या रचनेत कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात की दोन्हींत एकच वादक आहे यावर विश्वास बसत नाही. एव्हान्ससाठी ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ घ्या : १९५९च्याच डिसेंबरमधलं, फक्त पियानो, बास आणि ड्रम्स, आणि त्यात ‘ब्लू इन ग्रीन’ही आहे. तीच रचना दोन अल्बमांवर लागोपाठ ऐकण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. केलीचा ठसका भावला असेल तर टेनर सॅक्सोफोनवादक हँक मोबलीचा ‘सोल स्टेशन’. तिथे बासवर पुन्हा पॉल चेंबर्सच भेटतो.

तालाची आवड असलेल्यांनी पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या ‘टाइम आउट’कडे वळावं. तोही १९५९चा, त्याच ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओतला. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत आहे, तीन आणि दोन अशा विभागणीने. ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’मध्ये नऊ मात्रा २-२-२-३ अशा तुटतात. हाताने टाळ्या देत पहिलं मिनिट ऐका, आणि सोलो लागताना चाल नऊवरून चारवर कुठे येते ती जागा शोधा.